अक्षरांना खाचा पाडणारा माणूस

मी सहावीत असतानाची गोष्ट. आमच्या घरी नवाकोरा फोन आला होता. काळा, जड, गोल तबकडीचा. घंटा वाजली की आम्ही भावंडं "मी घेणार, मी घेणार" करत धावत सुटायचो. पण आठवडाभरातच ती हौस फिटली. कारण दिवसातून दोन-तीनदा तरी फोन यायचा आणि पलीकडून कुणीतरी घाईघाईने विचारायचं, "डॉक्टर आहेत का?"

आता आमच्या घरात डॉक्टर कुठून असणार? वडील शाळामास्तर! मग एक दिवस छडा लागला. गावातल्या एका दवाखान्याचा नंबर आणि आमचा नंबर यांत फक्त एका आकड्याचा फरक होता. त्यांच्या नंबरात जिथे तीन, तिथे आमच्या नंबरात आठ. आणि डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांचे टेलिफोन नंबर छापलेल्या त्या जाडजूड पुस्तकात, दवाखान्याचा इंग्रजी तीन शाईने असा काही भरून गेला होता की बघणाऱ्याला तो आठच वाटावा!

एकदा रात्री साडेअकराला फोन वाजला. एक बाई रडत बोलत होत्या. त्यांच्या लहान मुलाला सणसणून ताप भरला होता. आईने त्यांना खरा नंबर सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या वरच्या भिंतीवर तो नंबर खडूने मोठ्ठा लिहून ठेवला. आमच्यापैकी कुणीही फोन उचलला तरी चटकन सांगता यावा म्हणून.

तुमच्यापैकी बहुतेकांनी डिरेक्टरी पाहिलीही नसेल. आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. पिवळट, खरबरीत कागद, आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत हजारो नावं. त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा हा आजार दूर करण्यासाठी १९७०च्या दशकात अमेरिकेत एक माणूस आलेखकागदावर एकेक चौकोन भरत बसला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यांचं नाव मॅथ्यू कार्टर. आज ओळख करून घ्यायची आहे ती त्यांचीच.

तसं पाहिलं तर ओळख जुनीच आहे बरं का! कॉम्प्युटरवर काही टाइप करताना अक्षरांच्या वळणांची यादी उघडते ना, तिच्यात व्हर्डाना, जॉर्जिया, टाहोमा ही नावं तुम्ही पाहिली असतील. ही तिन्ही अक्षरवळणं कार्टर यांची. अशा प्रत्येक वळणाला, म्हणजे ए पासून झेडपर्यंतची अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह अशा अख्ख्या कुटुंबाला म्हणतात टाइपफेस. आणि हे कुटुंब कुणाला तरी बसून, एकेक अक्षर काढून, तयार करावं लागतं. आपल्याला मात्र वाटतं की अक्षरं काय, असतातच!

कार्टर यांचा जन्म १९३७ साली लंडनमध्ये झाला. वडील हॅरी कार्टर हे छपाईच्या जुन्या खिळ्यांचे नामांकित अभ्यासक. (खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा नव्हे हं! छापखान्यात शिशाचं जे सुटं अक्षर असायचं, त्याला खिळा म्हणत.) आईनेही एक गंमत केली होती. तिने जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमच्या तुकड्यांतून इंग्रजी अक्षरं कापून छोट्या मॅथ्यूला खेळायला दिली. आणि पुढे ती अक्षरं सापडली तेव्हा त्यांवर दातांच्या खुणा होत्या! थोडक्यात, पठ्ठ्याने वाचायला येण्याआधीच अक्षरांची चव घेतली होती.

शाळा संपली. ऑक्सफर्डला जाऊन इंग्रजीची पदवी घ्यायची असं ठरलेलं. मध्ये एक वर्ष मोकळं होतं. वडिलांनी ओळखीने त्याला नेदरलँड्समधल्या हार्लेम गावी एन्सखेडे नावाच्या छापखान्यात पाठवलं. हा छापखाना १७०३ सालचा! तिथे खिळे ओतायचा स्वतंत्र कारखाना होता, आणि त्यात रेडिश नावाचे एक वयस्क कारागीर हाताने ठसे कोरत बसलेले असत. मॅथ्यू त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि वर्षभर तिथून हललाच नाही.

हे काम कसं चालायचं बघा. बोटभर लांबीची पोलादाची कांडी घ्यायची. तिच्या टोकावर अक्षर कोरायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. आणि आकार किती, तर तांदळाच्या दाण्याएवढा! हत्यारं म्हणजे बारीक कानस, टोकदार छिन्नी आणि डोळ्याला लावायचं भिंग. थोडं कोरून झालं की ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा, म्हणजे त्यावर काजळी धरते. तो कागदावर दाबला की अक्षर उमटतं. बघायचं, पुन्हा कोरायचं. चुकून जास्त कोरलं गेलं तर? तर काय, पोलाद पुन्हा चिकटवता येत नाही, नवी कांडी घ्यायची. मनासारखं अक्षर झालं की ते पोलाद तापवून कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. तांब्यात अक्षराचा खड्डा पडतो. तो झाला साचा. त्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. असे हवे तेवढे खिळे ओतायचे. पण मूळ ठसा एकच, आणि तो कोरायला कसबी माणसाचाही जवळपास एक अख्खा दिवस जाई.

आता खरी गोम अशी, की १९५०च्या दशकात ही कला जवळजवळ संपलेली होती. ठसे कोरायला यंत्रं आली होती. हाताने ठसे कोरून पोट भरेल अशी नोकरी युरोपात शोधूनही सापडली नसती. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा हा मुलगा अशी विद्या शिकून आला होता, जिचा बाजारात कुणालाच उपयोग नव्हता. आणि वर आणखी एक गोष्ट केली. ऑक्सफर्डला जायचंच नाही असं ठरवलं! तुमच्या घरी असं काही सांगून बघा बरं, काय होतं ते.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. लंडनमध्ये दुकानांच्या पाट्यांची, मासिकांच्या नावांची अक्षरं काढून दे, असली कामं. पुढे १९६५ साली न्यूयॉर्कच्या लायनोटाइप कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. त्या वेळी छपाईत मोठी उलथापालथ चालली होती. शिशाच्या खिळ्यांच्या जागी फोटो आले होते. अक्षराच्या निगेटिव्हमधून प्रकाश पाडायचा आणि फोटोच्या कागदावर मजकूर उमटवायचा, अशी ही नवी पद्धत. शिशाचे खिळे चौकोनी ठोकळे असल्यामुळे दोन अक्षरं एकमेकांना चिकटवणं अवघड जाई. फोटोला असली अडचण नाही. कार्टर यांनी लगेच १९६६ साली स्नेल राउंडहँड नावाचा टाइपफेस केला. बोरूने लिहिल्यासारखी वळणदार अक्षरं, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात! लग्नपत्रिकांवर असतात ना, तशी. याच कंपनीत असताना त्यांनी ग्रीक, हिब्रू आणि आपल्या देवनागरी अक्षरांवरही काम केलं.

आणि मग आली ती डिरेक्टरी.

टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या वारशातून वाढलेली एटी अँड टी ही अमेरिकेतली अवाढव्य टेलिफोन कंपनी. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन गावात पहिली डिरेक्टरी निघाली तेव्हा ती एकाच पानाची होती, तिच्यात पन्नास नावं होती. शंभर वर्षांनी मोठ्या शहराची डिरेक्टरी उचलायला दोन हात लागत. ती सगळी १९३८ सालच्या बेल गॉथिक नावाच्या टाइपफेसमध्ये छापली जायची. चॉन्सी ग्रिफिथ यांनी केलेला हा टाइपफेस चांगलाच होता, पण तो शिशाच्या खिळ्यांसाठी. आता अक्षरं उमटवणार होती टीव्हीसारखी पडद्याची नळी असलेली झपाट्याची यंत्रं. ती अक्षरं बारीक रेघांनी रंगवीत. त्यांत बेल गॉथिकच्या नाजूक रेषा मध्येच तुटायच्या. बरं, तुटतात म्हणून छापताना शाई वाढवावी, तर कागद हलका आणि छपाईयंत्राचा वेग भयंकर. शाई पसरायची आणि अक्षरांची पोटं भरून जायची. तीनचा आठ होतो तो असा!

कंपनीने कार्टर यांना सांगितलं, नवा टाइपफेस करा. तो बारीक हवा, म्हणजे एका ओळीत जास्त मजकूर मावेल आणि कागद वाचेल. पण वाचायला स्वच्छ हवा, म्हणजे लोक चौकशी खिडकीला फोन करकरून नंबर विचारणार नाहीत. लहान करा आणि ठळक दिसू द्या. पोळी पातळ लाट आणि ती पोटभरीची होऊ दे, असंच म्हणण्यासारखं!

कार्टर यांनी काय केलं? ते आजाराच्या मुळाशी गेले. शाई नेमकी कुठे साचते? तर जिथे दोन रेषा मिळतात तिथे, कोपऱ्यात. हे तुम्ही घरीसुद्धा करून बघू शकता. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर स्केचपेनने छोटासा इंग्रजी व्ही काढा. खालच्या टोकाशी पेन क्षणभर टेकवा. शाई फुटून तिथे गोळा होतो की नाही? मग कार्टर यांनी तिथलं अक्षरच कापून टाकलं! जिथे जिथे रेषा एकमेकींना भेटतात, तिथे तिथे आत घुसणारी एक खाच ठेवली. छापताना शाई पसरली की ती त्या खाचेत शिरते, खाच बुजते, आणि अक्षर नीट, टोकदार दिसतं. म्हणजे शाईची खोड मोडायची नाही, तर ती अक्षर पूर्ण करायला वापरून घ्यायची. शाई जे करणारच आहे ते आधीच धरून चालायचं.

या टाइपफेसचं नाव बेल सेंटेनियल. सेंटेनियल म्हणजे शताब्दी. मोठा करून पाहिलात तर दचकाल. उंदरांनी कुरतडल्यासारखी अक्षरं! एम, एन, के, आर, चार, आठ, सगळ्यांच्या काखेत खाचा. आणि तीच अक्षरं डिरेक्टरीच्या आकारात, त्या स्वस्त कागदावर छापली की खाचा गायब. शिवाय त्यांनी एकाऐवजी चार भावंडं केली. नाव आणि नंबर यांच्यासाठी एक ठसठशीत, पत्त्यासाठी एक हलकं, आणि बाकीच्या कामांसाठी आणखी दोन. डिरेक्टरीत आपण पत्ता आधी वाचत नाही ना, नाव शोधतो. म्हणून डोळा आधी नावावर थांबावा, नंबरावर जावा, आणि पत्त्यावरून घसरावा अशी ही योजना.

ही अक्षरं काढायची रीत ऐकली तर तुम्हाला भूमितीच्या तासाची आठवण येईल. यंत्राला रेघा आणि ठिपकेच कळत होते. म्हणून कार्टर यांनी एकेक अक्षर आलेखकागदावर चौकोन भरून काढलं. हा चौकोन काळा, हा पांढरा, हा पुन्हा काळा. आठ म्हटला तर केवढासा, पण त्याच्या कमरेशी एक चौकोन इकडेतिकडे झाला तरी तो गबाळा दिसणार. १९७८ साली बेल सेंटेनियल तयार झाला आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचला. तो वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना तो दिसला असेल? बहुधा कुणालाच नाही. त्यांना फक्त नंबर बरोबर लागला.

(पुढे गंमत झाली. काही चित्रकारांना त्या खाचाच आवडल्या! त्यांनी ही अक्षरं मुद्दाम पोस्टरवर भलीमोठी छापली, खाचा सगळ्यांना दिसाव्यात म्हणून.)

त्याच १९७८ साली कार्टर यांचा गॅलियार्डही बाहेर पडला. सोळाव्या शतकातल्या ग्रांजों नावाच्या फ्रेंच कारागिराच्या अक्षरांवरून स्फुरलेला, पुस्तकांसाठीचा, अतिशय देखणा टाइपफेस. एकाच माणसाने एकाच काळात एकीकडे असलं राजेशाही काम करावं आणि दुसरीकडे कुरतडलेलं, हे मला फार आवडतं.

१९८१ साली कार्टर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी नोकरी सोडून बिटस्ट्रीम नावाची स्वतःची कंपनी काढली. आता अक्षरं ना शिशाची होती, ना फोटोची. ती कॉम्प्युटरातली नुसती माहिती झाली होती. इथली एक फजिती ऐका. त्या काळच्या प्रिंटरची स्मरणशक्ती फार कमी असे. म्हणून कार्टर यांनी कमीत कमी माहितीत मावेल असा टाइपफेस करायला घेतला. वळणं कमी, सरळ रेषा जास्त. चांगले कष्ट उपसून ते इंजिनिअर लोकांना दाखवायला गेले, तर उत्तर मिळालं की ती अडचण आम्ही केव्हाच सोडवली! म्हणजे ज्या रोगावर औषध केलं तो रोगच उरला नव्हता. तुम्ही-आम्ही असतो तर कागद टराटरा फाडले असते. कार्टर यांनी अक्षरांकडे पुन्हा पाहिलं. ती साधी होती, खणखणीत होती. मग ती तशीच ठेवली. १९८७ साली आलेला हा चार्टर टाइपफेस लोक आजही वापरतात. त्या वेळचे प्रिंटर मात्र केव्हाच भंगारात गेले.

यानंतरचं मोठं काम होतं पडद्यावरचं. १९९०च्या दशकात लोक कागदाऐवजी कॉम्प्युटरवर वाचू लागले, आणि डोळे चोळू लागले. तेव्हाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. नेहमीच्या आकारात एखाद्या स्मॉल अक्षराच्या वाट्याला उंचीला जेमतेम सहा ठिपके यायचे. सहा ठिपक्यांत ई काढून बघा, मग कळेल! कागदासाठी काढलेली सुंदर अक्षरं त्या जाळीत कोंबली की त्यांचा पार चोळामोळा होई.

मायक्रोसॉफ्टने हे काम दिल्यावर कार्टर यांनी क्रमच उलटा केला. आधी सुबक अक्षर काढून मग ते ठिपक्यांत बसवायचं, अशी रीत होती. त्यांनी आधी ठिपके मांडले. या आकारात कोणते ठिपके काळे केले तर अक्षर सर्वात स्वच्छ दिसेल ते ठरवलं, आणि मग त्या ठिपक्यांभोवती अक्षराची रेषा फिरवली. आलेखकागदावरचा तो डिरेक्टरीवाला अभ्यास असा कामी आला. मग टॉम रिकनर या तज्ज्ञाने प्रत्येक आकारात कोणता ठिपका पेटवायचा याच्या बारीक सूचना अक्षरांना शिकवल्या. १९९६ साली व्हर्डाना आणि जॉर्जिया जगापुढे आले. व्हर्डानामधला कॅपिटल आय बघा. त्याला वरखाली आडव्या दांड्या आहेत. का? तर स्मॉल एल आणि आकडा एक यांच्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून. पुन्हा तोच ध्यास, एकाचं दुसरं वाचलं जाऊ नये! जॉर्जियाच्या नावाची गंमत तर भन्नाट आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात परग्रहवासीयांची डोकी सापडल्याची थाप एका चटोर वर्तमानपत्राने मथळ्यात छापली होती, त्यावरून ते नाव पडलं.

सगळं गोडगोड लिहू नये म्हणून सांगतो, मोठ्या आकारात व्हर्डाना मला मुळीच आवडत नाही. पसरट, ढब्बू दिसतो. २००९ साली आयकिया या फर्निचरच्या कंपनीने आपला छापील कॅटलॉग आणि जाहिराती व्हर्डानामध्ये करायला घेतल्या, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी एकच ओरड केली. पण दोष अक्षरांचा नव्हता. पावसाळी गमबूट घालून कुणी लग्नाला गेलं, तर गमबुटांना का हसायचं?

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०११ साली आपल्या संग्रहात चित्रं-शिल्पांसारखेच २३ टाइपफेस घेतले. त्यांत कार्टर यांचे एकट्याचे सात. व्हर्डाना आहे, आणि तो खाचांचा बेल सेंटेनियलही आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली होती, पाच लाख डॉलरची. तेव्हा त्यांचं वय होतं ७२.

आता तुमच्यासाठी एक कोडं. कार्टर नवा टाइपफेस कुठल्या अक्षरापासून सुरू करतात? ए पासून नाही. स्मॉल एच पासून! कारण एच झाला की अक्षराची काठी किती उंच, अंग किती जाड, कमान कशी, हे सगळं ठरतं. एचची मान छाटली की एन झाला. एन उलटा केला की यू. मग ते काढतात ओ, म्हणजे गोलाई कळली. मग पी, जो अर्धा सरळ आणि अर्धा गोल. पी फिरवला की बी, डी, क्यू यांची चाहूल लागते. दोन-तीन अक्षरांत अर्धं कुटुंब गोळा!

आपल्या देवनागरीत हे काम फार कठीण आहे. जोडाक्षरं धरली तर कुटुंब शेकड्यांनी वाढतं. कॉम्प्युटरवरचा मंगल हा देवनागरी टाइपफेस आपल्या र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केला. खराब छपाईत आपलेही तीन-आठ असतातच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत तुम्ही किती वेळा केली असेल! तेव्हा एक कोरा कागद घ्या, जाड पेन घ्या. तुम्हाला मराठीचा टाइपफेस करायचा आहे असं समजा. 'व' घेतला तर त्यातून 'ब' आणि 'क' निघतील. 'प' घेतला तर 'ष' आणि 'फ' मिळतील. पण मग 'ळ'चं काय? आणि 'झ'चं? कुठलं अक्षर आधी काढाल, आणि खाच कुठे पाडाल?